सांडशी

बाळाला न्हाऊ घालण्यात मावशीचा हात धरणारं त्या सूतिकागृहात कुणी नव्हतं. सव्वीस वर्षं ती हेच काम करत होती. तिनं जन्मल्या दिवशी न्हाऊ घातलेल्या मुली आता स्वतः बाळंत व्हायला त्याच वॉर्डात यायच्या, आणि त्यांनी कळा देताना फार आरडाओरडा केला की मावशी दटावायची, "हा तोरा मला नको दाखवूस. तुला मी नागडी पाहिलीय." त्या अवस्थेतही मुलगी हसायची. सगळे तिला मावशीच म्हणायचे, डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच सुखात पडून होतं.

तिची पद्धत ठरलेली होती. डाव्या हातावर बाळ, बाळाची मान मनगटापाशी टेकलेली. उजव्या हातानं गरम नळ सोडायचा, मनात तीसपर्यंत मोजायचं. मग गार नळ, पन्नासपर्यंत. मग बाही वर सारून कोपर टबात. कोपरानं होकार दिला की बाळ पाण्यात. नियम खरं तर थर्मामीटरचा होता, आणि तो तिच्या खिशात असायचाही, पण त्याचा उपयोग तिनं पाठ खाजवण्यापलीकडे कधी केला नव्हता. "काचेला काय कळतंय?" ती म्हणायची. मोठ्या सिस्टर नियमाच्या बाबतीत फार कडक. नव्या नर्सेसना त्यांच्यासमोर घाम फुटायचा. पण मावशीच्या कोपरापुढं त्यासुद्धा काही बोलत नसत.

घरी मात्र ती मावशी नव्हती. घरी ती सांडशी होती.

हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. तो नळाची कामं करायचा आणि गळक्या नळापेक्षा जास्त बोलायचा. फार वर्षांपूर्वी एकदा दूध उतू जायला लागलं, सांडशी जागेवर सापडेना, तेव्हा मावशीनं पातेलं सरळ दोन्ही हातांनी धरलं आणि खाली ठेवलं. फडकंसुद्धा घेतलं नाही. नवरा बघतच राहिला.

"अगं, भाजलं नाही?"

"कुठं काय?"

झालं. पाहुणे आले की त्याचा खेळ सुरू. "आमच्या घरात सांडशी विकत आणत नाहीत, लग्न करून आणतात," असं म्हणून तो तिला हाक मारायचा, आणि तीही ऐटीत यायची, चहाचं उकळतं पातेलं उचलून कप भरायची. बायका तोंडावर हात ठेवायच्या. लेक शाळेत सांगायची, माझ्या आईला भाजतच नाही. बोटांवर कधी काळे डाग दिसायचे, कधी फोड यायचे. पण राबणाऱ्या बाईचे हात असेच असतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि मावशीनंही.

गेल्या दीडदोन वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली होती. नवऱ्याच्या विनोदांना ती हसेनाशी झाली होती. त्याचा विनोद रंगात यायला लागला की ती ओठ घट्ट मिटायची, मानेवर हात ठेवायची आणि उठून आत जायची. त्यानं हे मनाला लावून घेतलं. तीस वर्षं ही बाई त्याच्या प्रत्येक विनोदाला हसली होती, शिळ्यालासुद्धा. शेवटी त्यानं यावरही एक विनोद केला, "माझ्या नळाला आता नुसती हवा येते." त्यालाही ती हसली नाही. मग त्यानं विनोद करणं कमी केलं, आणि घर जरा शांत झालं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वय झालं की माणसं शांत होतातच.

लेकीला पाचवा महिना होता तेव्हा ती सकाळ उगवली.

आदल्या दिवशी सूतिकागृहात जुना गीझर काढून नवा बसवला होता. मावशीनं नेहमीप्रमाणे तीस मोजले, पन्नास मोजले, कोपर बुडवलं. कोपरानं होकार दिला. डाव्या हातावर दोन दिवसांचा मुलगा मुठी आवळून झोपला होता. ती त्याला उतरवणार एवढ्यात मोठ्या सिस्टर आत आल्या आणि टबात पडलेली साबणाची वडी काढायला त्यांनी हात घातला.

"आई गं!"

सिस्टरनी हात इतक्या जोरात मागं घेतला की पाणी मावशीच्या तोंडावर उडालं. गालाला चटका बसला. बाळ तिनं छातीशी धरलं ते तसंच धरून ठेवलं, आणि ती टबाकडं पाहत राहिली. तिचं कोपर अजून ओलं होतं. ते लालबुंद झालं होतं, आणि त्याला काहीच वाटत नव्हतं.

सिस्टरनी बाळ तिच्या हातातून घेतलं, पाळण्यात ठेवलं, नळ बंद केला. मग दार लावलं.

"मावशी, हात दाखवा."

दहाही बोटं पुढं आली. सिस्टरनी ती उलटसुलट करून पाहिली. एका बोटावर फुटलेला फोड होता, अंगठ्यावर चिरलेलं.

"हे कधी झालं?"

"ठाऊक नाही," मावशी म्हणाली. ती खरं सांगत होती.

त्या दुपारी ती लवकर घरी आली. मोरीत उभी राहिली. गरम नळाखाली उजवा हात धरला, गार नळाखाली डावा. मग डोळे मिटले. पाणी बोटांवरून वाहत होतं, ते कळत होतं. त्याची धार जाड की बारीक तेही कळत होतं. हात बदलले. तेच. नवरा दुपारच्या कामावरून परतला तेव्हा ती तशीच उभी होती आणि मोरी वाफेनं भरली होती. त्यानं आधी नळ बंद केला, धंद्यातला माणूस.

"काय करतेयस?"

"अहो," ती म्हणाली, "मला नुसतं ओलं लागतंय."

मेंदूच्या आणि मणक्याच्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या होत्या आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी मावशीला डोळे मिटायला लावले. दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत बर्फाचं. आळीपाळीनं अंगाला लावत विचारायला लागल्या. बोटं, मनगट, कोपर, दंड, खांदा. "सांगता येत नाही," मावशी म्हणत राहिली. मग नळी कपाळाला लागली. "गरम." गालाला. "गार." कमरेला, मांडीला, पावलाला. गार, गरम, गरम. टाचणीचंही तसंच झालं. टोचली की नुसती टेकली, ते हातांना ओळखू येईना, पोटरीला बरोबर ओळखू आलं. कापसाचा बोळा मात्र सगळीकडे कळला, बोटांनासुद्धा.

"खांद्यांवरून शाल घेतल्यासारखं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शालीखाली जेवढं झाकलं जातं तेवढ्याच भागाला गरम-गार कळत नाही, दुखलेलं कळत नाही. वरचं, खालचं ठीक आहे. खोकताना, शिंकताना काही होतं का?"

"मानेत मागं कळ येते. वीज चमकावी तशी."

"आणि हसताना?"

मावशीनं नवऱ्याकडं चोरून पाहिलं. "हसताना सगळ्यात जास्त."

नवरा खुर्चीत जरा पुढं सरकला.  त्या एका वाक्यानं त्याच्या दीड वर्षाच्या रुसव्याचं पाणी पाणी झालं होतं, आणि ते लपवायला तो भिंतीवरचा मणक्याचा तक्ता वाचत बसला.

एमआरआय झाला. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवायला सुरुवात केली.

"मेंदूभोवती आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती पाणी असतं. आपलंच, शरीरानं तयार केलेलं. ते नुसतं साचलेलं नसतं, हृदयाच्या ठोक्याबरोबर खाली-वर होत राहतं. इथं, कवटीच्या तळाशी, त्याचा रस्ता आहे. तुमच्या लहान मेंदूचा हा भाग जन्मापासूनच जरा खाली उतरलाय. तो या रस्त्यात बसलाय."

"बुचासारखा," नवरा म्हणाला.

"बुचासारखा. मग पाण्याला मोकळं जाता-येता येईना."

"तुंबलं. आणि तुंबलं की ते वाट काढणार." आता तो खुर्चीतून उठलाच होता. "जोडातून काढेल, भेगेतून काढेल. भिंतीत शिरेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही काय करता?"

"नळाची कामं."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. ही बघा भिंत." त्यांनी मज्जारज्जूवर पेन ठेवलं. राखाडी दोरीच्या आत एक लांबट पांढरी पोकळी होती, मानेपासून पाठीच्या वरच्या भागापर्यंत. "हे पाणी दोरीच्या आत साचलंय. गरम-गार आणि दुखणं यांचे निरोप नेणारे धागे बरोबर दोरीच्या मधून इकडून तिकडे जातात. पोकळी फुगली आणि तेच आधी दाबले गेले. स्पर्शाचे धागे मागच्या बाजूनं जातात, ते वाचले. म्हणून मावशींना ओलं कळतं, ऊन कळत नाही. याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. फार थोड्या लोकांना होतो. शांतपणे येतो, वर्षानुवर्षं घेतो. तुम्हाला कधीपासून हे जाणवतंय?"

"हे दोन आठवडेच की," मावशी म्हणाली. "गीझर बदलला ना."

"त्याआधी? भाजलं आणि कळलं नाही, असं कधी?"

ती नाही म्हणणार होती. पण नवऱ्याच्या तोंडाचा रंग उडालेला तिला दिसला. तो हळूच खाली बसला.

"सांडशी," तो म्हणाला.

"काय?" डॉक्टरीणबाईंना कळेना.

"चौदा वर्षं झाली, डॉक्टर. लेक तेव्हा दुसरीत होती. दुधाचं पातेलं हिनं..."  आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन, भिंतीला कान लावून, कुठं पाणी मुरतंय ते हा माणूस सांगत आला होता. स्वतःच्या घरात मुरत होतं तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या, पाहुणे बोलावून.

मावशीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात ऊन होता, ते त्याला कळलं. गुडघा ऊन की गार, ते तिला कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सरळ सांगितलं. शस्त्रक्रिया करायची. कवटीच्या तळाचं थोडं हाड काढून रस्ता रुंद करायचा, म्हणजे पाणी पुन्हा वाहतं होईल आणि पोकळी बहुतेक आपोआप आकसेल. मानेतली कळ बहुधा जाईल. बोटांतली ताकद अजून शाबूत आहे, ती राखायची तर उशीर नको.

"आणि ऊन?" मावशीनं विचारलं. "हातांना ऊन कळेल परत?"

"थोडं कळेल कदाचित. कदाचित नाही. खोटी आशा देत नाही मी. पुढचं नुकसान थांबवायचं, हे पहिलं."

मावशीनं मान हलवली. मग जे विचारायला ती दोन आठवडे घाबरत होती ते तिनं विचारलं. "माझ्या हातून या चौदा वर्षांत कुणाचं बाळ भाजलं असेल का हो?"

 याचं उत्तर मोठ्या सिस्टरनी दिलं. तीन दिवस त्या जुन्या वह्या काढून बसल्या, बाळांच्या प्रत्येक नोंदीवरून बोट फिरवलं आणि एका संध्याकाळी स्वतः घरी येऊन सांगितलं, "एकही नाही. एकाही बाळाला साधी लालीसुद्धा नाही."

"पण कसं शक्य आहे?"

"तुम्ही कोपरानं पाणी बघत होतात असं तुम्हाला वाटत होतं. तुम्ही मोजत होतात, मावशी. तीस आणि पन्नास. गीझर जुना होता, एकाच आकड्यावर अडकलेला. तुमचा आकडा कधी चुकला नाही. कोपर नुसतं बुडत होतं."

मावशीच्या जिवात जीव आला, आणि त्याच वेळी काहीतरी गेलंही. ज्या कोपराची सव्वीस वर्षं मिरवणूक निघाली ते निम्मी वर्षं रिकामंच बुडत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून कपड्यांच्या खोलीत बदली मागितली. दुपटी घडी करायची, लंगोट मोजायचे. त्यात कुणाला भाजत नाही. बाळांच्या रडण्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि कुठलं रडणं पाणी गार झाल्याचं आहे ते तिला तिथं बसूनही ओळखू यायचं.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. मानेवर एक उभी रेघ राहिली, केसांखाली झाकली जाईल अशी. शिंक आली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून विजेची वाट पाहिली, आणि वीज आली नाही. पोकळीही आकसली होती, निम्म्याहून जास्त. हातांना मात्र ऊन परत आलं नाही. नवऱ्यानं घरातल्या प्रत्येक गरम नळावर लाल रंगाचा पट्टा मारला, गीझरचा आकडा उतरवून ठेवला आणि ओट्यावर, हात घालावा तिथं हाताला लागतील अशा सांडश्या टांगल्या. एकूण पाच. पण तोंडानं तो शब्द त्यानं टाकला तो टाकलाच. तिला तो नुसतं "अगं" म्हणायला लागला, परक्या बाईला रस्ता विचारावा तसं. विनोदही बंद. हसली तर पुन्हा दुखेल, टाका उसवेल, अशी त्याला धास्ती. ती आता खुशाल हसू शकते असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, पण तिची स्वतःचीही सवय मोडली होती. हसू यायला लागलं की हात आपोआप मानेवर जायचा.

आणि मग नात झाली. सात पौंडांची, डोक्यावर भरपूर जावळ, आवाज आजोबांवर गेलेला. लेक बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली. घरात एकदम बाटल्या, दुपटी आणि सल्ले यांचा सुळसुळाट झाला. लेकीनं आल्या आल्या सांगून टाकलं, "आंघोळ तूच घालायचीस, आई. मी नऊ महिने याच भरवशावर काढलेत."

"मी नाही घालणार."

"का? मी पाणी बघून देते ना. थर्मामीटर आहे. बाबा आहेत."

"आणि मधेच पाणी घातलं कुणी? चुकून गरम मग ओतला गेला तर? मला कळणार आहे का?" मावशीचा आवाज चढला. "बाळाला धरायचं आणि पाणी कसं आहे ते दुसऱ्याला विचारायचं, अशी आंघोळ मला येत नाही. तू घाल. मी बघते."

बघणं मात्र फार कठीण होतं. लेकीनं टेबलावर टब ठेवला, थर्मामीटर दोनदा पाहिला, आणि बाळाला असं धरलं जणू ते गुळगुळीत मडकं आहे आणि आता फुटणार. बाळ ताठ झालं, किंचाळलं, निळंजांभळं झालं. लेक रडकुंडीला आली. बाबा पाण्याचा मग घेऊन उभे राहिले ते पुतळ्यासारखे. मावशी दोन हातांवर, शेजारीच एका बुटक्या स्टुलावर, हात मांडीवर गच्च धरून बसली होती. बाळाला कसं धरायचं ते तिच्या प्रत्येक बोटाला ठाऊक होतं. तिला रडायला येत होतं आणि लेकीसमोर रडायचं नव्हतं. चार दिवस हे असंच चाललं.

पाचव्या दिवशी बाळानं लाथ मारली. टबातलं पाणी उसळलं आणि मावशीच्या पावलांवर पडलं.

"अगं, गार झालंय की पाणी," मावशी म्हणाली. "म्हणूनच रडतेय ती."

लेकीनं थर्मामीटर उचलून पाहिला. खरोखर उतरला होता. मग ती हळूहळू आईकडं वळली.

"आई, तुला कसं कळलं?"

मावशीनं खाली आपल्या ओल्या पावलांकडं पाहिलं. तिची स्वतःचीच पावलं, पन्नास-बावन्न वर्षं तिच्या खाली गुपचूप चालत आलेली. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळ्या लावून नकाशा काढला होता, शाल कुठं सुरू होते, कुठं संपते ते शब्दाशब्दानं सांगितलं होतं; आणि घरात तिघांनीही त्यातली फक्त शाल लक्षात ठेवली होती. शालीबाहेरचे पाय कुणाला आठवले नव्हते.

"थांब," ती म्हणाली. "तिला पुसून घे. आज असू दे. उद्या मी घालते."

त्या दिवशी ती फारसं बोलली नाही. तिला तिची आई आठवत होती. आईनं कधी टब पाहिला नव्हता. ती बुटक्या बैठकीवर बसायची, पाय लांब सोडायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालून वरून पाणी ओतायची. सूतिकागृहात लागल्यावर मावशीनं या पद्धतीची मनसोक्त टिंगल केली होती. "आईकडं टब नव्हता म्हणून पाय," असं ती म्हणायची. आई त्यावर फक्त म्हणायची, "बाळाला जे लागतं ते आधी मला लागतं." त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं होतं.

सकाळी मोरी धुऊन कोरडी केली. मावशी स्टुलावर बसली, साडी गुडघ्यांपर्यंत घेतली, पाय भिंतीपर्यंत लांब केले. बाळ अजून लेकीच्या खांद्यावर होतं. नवऱ्यानं बादली आणली.  पाणी गार पडून बाळ पुन्हा रडायला नको म्हणून त्यानं गीझरचा आकडा वाढवून लाल पट्ट्याचा नळ जरा जास्तच सोडला होता.

"थर्मामीटर नंतर," मावशी म्हणाली. "आधी माझ्या पायांवर एक मग ओता. बाळ लांब धर गं."

त्यानं मग ओतला.

"आई गं! मेले! पोळलं!"

हातातला मग खाली पडला आणि मोरीभर घरंगळला. लेक बाळासकट दारापर्यंत मागं गेली. मावशीचे दोन्ही पाय आखडून पोटाशी आले होते, नडग्या गुलाबी झाल्या होत्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"पोळलं?" नवऱ्यानं विचारलं.

"पोळलं म्हणजे! कोंबडी सोलायचीय का काय तुम्हाला?"

"खरंच पोळलं?"

"अहो, किती वेळा सांगू?"

तो तिथंच ओल्या फरशीवर बसला आणि रडायला लागला. तोंडानं हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चौदा वर्षांत या बाईच्या तोंडून त्यानं हा शब्द ऐकला नव्हता. "पोळलं तुला," तो म्हणत राहिला. "सांडशीला पोळलं." शब्द निसटला आणि त्यानं जीभ चावली.

"आता म्हणालात ते म्हणालात," मावशी म्हणाली. "ते अगं-अगं ऐकून कान किटले माझे. गार पाणी घाला त्यात."

गार घातलं. पुन्हा एक मग पायांवर. "अजून." पुन्हा. "अजून थोडं." आणि मग पाणी घोट्यांवरून, नडग्यांवरून गेलं आणि मावशीनं डोळे मिटले.  "हां," ती म्हणाली, "हे." लेकीनं थर्मामीटर बुडवला. तो बरोबर तेच म्हणत होता. मावशीनं त्याच्याकडं, या वेळी जरा आदरानंच, पाहिलं.

बाळ पायांवर आलं. पालथं, नडग्यांच्या खाचेत, हनुवटी घोट्यांपाशी. मावशीच्या उजव्या हातानं त्याची पाठ शोधली, डाव्यानं मान. ऊन नव्हतं त्या हातांत, पण बाकी सगळं होतं. साबणाचा बुळबुळीतपणा होता, पाठीवरची मऊ लव होती, बरगड्यांखालची धडधड होती. नवरा पाणी ओतायचा, ते बाळाच्या पाठीवरून तिच्या पायांवर उतरायचं, आणि प्रत्येक मगाला मावशी मान डोलवायची. दुसऱ्या मगाला बाळाचं रडणं थांबलं. तिसऱ्याला मुठी सुटल्या. लेक दाराला टेकून उभी होती, खांदे खाली आलेले, पाच दिवसांत पहिल्यांदा.

"बघ, कशी गप्प झाली," मावशी म्हणाली. "तिला कळलं आपण कुणाच्या पायावर आहोत ते."

एवढ्यात ती एकदम थांबली. नवऱ्याचा मग हवेत राहिला.

"काय झालं? गरम आहे?"

"नाही."

"गार?"

"नाही हो," मावशी म्हणाली. तिच्या नडग्यांवरून एक बारीक ऊन धार खाली चालली होती, आणि ती बादलीतली नव्हती. "तुमचा तो थर्मामीटर राहू द्या बाजूला. कोमट म्हणजे काय ते या पोरीला विचारा."

लेकीला आधी कळलं, नवऱ्याला मागून कळलं, आणि मग मावशी हसली. पोटातून, मोठ्यांदा, तोंड उघडं टाकून. दोन्ही हात बाळावर होते. मानेवर ठेवायला एकही मोकळा नव्हता, आणि लागलाही नाही. तिच्या हसण्यानं पाय हलत होते आणि पायांबरोबर बाळही हलत होतं.

"मला एक विनोद आठवला," नवरा म्हणाला.

"सांगा," मावशी म्हणाली. "आधी पाणी घाला, मग सांगा."